कचेरीतील दूरध्वनी-व्यवस्था : एक आढावा

मुंबईत 1882 साली दूरध्वनी-केंद्र सुरू झाले तेव्हापासून व्यापारी पेढ्यांच्या संभाषण-साधनांनी जी स्थित्यंतरे पाहिली, त्यांच्या आरंभी बोर्डापुढे बसून दोऱ्या जोडणारा ऑपरेटर होता आणि आज भिंतीवरची अबोल पेटी आहे. मधल्या काळातील सर्वांत रंजक पात्र म्हणजे आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकन गृहस्थ. व्यवसायाने तो अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारा. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयाने त्याने स्वयंचलित जोडणीचे यंत्र योजिले आणि 1891 साली त्याचे पेटंट मिळविले, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडे 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार-संशोधन संस्थेने 128 जोडण्यांचे देशी ईपीएबीएक्स, म्हणजे कचेरीपुरते स्वयंचलित एक्स्चेंज, सिद्ध केले, आणि एक्स्टेंशन, म्हणजे टेबलाटेबलावरचा अंतर्गत फोन, ही चीज मध्यम पेढीच्याही आवाक्यात आली.

तथापि यंत्र निवडण्यापूर्वी बाहेरच्या लाइनी किती घ्याव्यात याचा निवाडा व्हावयास हवा, आणि नेमका तोच बहुतेक कचेऱ्यांत अंदाजपंचे होतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस असलेल्या एर्लांग या गणितज्ञाने 1917 साली या प्रश्नाचे सूत्र मांडले. समजा, सर्वाधिक गर्दीच्या तासात बाहेरचे तीस फोन होतात आणि प्रत्येक फोन सरासरी तीन मिनिटे चालतो. म्हणजे साठ मिनिटांत नव्वद मिनिटांचे बोलणे झाले, तेव्हा दोन लाइनी पुरतील, असा हिशेब कोणताही मुनीम मांडील. पण फोन रांगेने येत नाहीत, एकदम येतात. त्यामुळे एर्लांगच्या सूत्राप्रमाणे दोन लाइनींवर शंभरातील सुमारे एकतीस फोन परत जातात, तीनवर तेरा, चारवर पाच, आणि पाच लाइनी घेतल्या तरच हे प्रमाण दीडाच्या आत येते. खरेदीची तजवीज करण्याआधी आठवडाभर तासवार नोंदवही ठेवावी. विक्रेत्याच्या रंगीत पत्रकापेक्षा ती अधिक शहाणी असते.

मोठ्या पेढीने सुट्या लाइनींऐवजी पीआरआय ही एकत्रित डिजिटल लाइन घ्यावी. तिच्या एका जोडणीवर एकाच वेळी तीस संभाषणे चालतात. इंटरनेटवरून चालणारी एसआयपी-व्यवस्था शाखा जोडण्यास सोयीची खरी, पण तिच्यात एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सेकंदाला सुमारे 90 किलोबिटची वाट अखंड मोकळी लागते, आणि हिशेबनीस मोठी फाइल पाठवू लागला की साहेबांचे शब्द तुटू लागतात. म्हणून कचेरीतील संगणक व फोन जोडणाऱ्या नेटवर्क-स्विचवर आवाजाला अग्रक्रम देणे अपरिहार्य होय. जुन्या फोनला एक्स्चेंजकडून 48 व्होल्टचा वीजपुरवठा तारेतूनच मिळे, सबब दिवे गेले तरी तो वाजे; नव्या व्यवस्थेत स्विच, राउटर आणि पेटी या तिघांनाही यूपीएस न दिल्यास वीज जाताच सारी कचेरी मुकी होते.

बसवणुकीत खरी हयगय तारांच्या बाबतीत होते. टेलिफोनच्या तारा विजेच्या तारांशेजारून एकाच नळीतून नेल्या की गुणगुण आलीच. अर्थिंग कच्चे असले की पावसाळ्यातील एखादी वीज पेटीतील कार्डे जाळून जाते. कोकणपट्टीच्या दमट हवेत तारा जोडण्याच्या क्रोन-पट्ट्या गंजतात. हे सारे टाळता येते, पण त्यासाठी कारागिरावर देखरेख ठेवणारा जबाबदार माणूस कचेरीने नेमला पाहिजे. परदेशी फोन सरसकट खुले ठेवणे आणि कारखान्याहून आलेला पासवर्ड तसाच राहू देणे या दोन गाफीलपणांमुळे रात्रीच्या वेळी परक्यांनी केलेल्या फोनांचे बिल पेढीच्या माथी येते.

वाचकांना एवढीच विनंती, की तारांची कोणती जोडी कोणत्या टेबलापर्यंत जाते त्याचा नकाशा, सर्व पासवर्ड आणि प्रोग्रामिंगची प्रत हाती आल्याखेरीज कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता चुकता करू नये.