राहिलेला पगार बुडतो कसा?

"जाऊ द्या हो भाऊ, कुठं त्यांच्या नादी लागायचं!" बुडालेल्या पगाराविषयी विचारले की आमच्या भगिनी हेच म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीत भाकरतुकड्यावर वेठबिगार केली. राज्यघटनेच्या कलम २३ ने तिला बंदी घातली. मग काम करवून घेऊन पगार न देणारा मालक दुसरे काय करतो?

आमच्या विहारात येणाऱ्या एका ताईंची हकिकत सांगतो. पॅकिंगच्या एका कारखान्यातले काम त्यांनी २०१७ च्या मार्चमध्ये सोडले. पगार महिना ९ हजार. बाकी दोन महिने अकरा दिवसांची. मालक म्हणे, "उद्या या." असे दहा महिने गेले! नेमणूकपत्र नाही, पगारचिठ्ठी नाही. मात्र मुलाच्या जुन्या वहीत ताईंनी रोजची हजेरी मांडून ठेवली होती. तीवरून आम्ही २६ दिवसांचा महिना धरून हिशेब केला : २१ हजार ८०८ रुपये. मागणीपत्र रजिस्टर पोस्टाने धाडले, पोचपावती जपली. लगेच मालकाचे बोलावणे आले. १० हजार रोख घ्या आणि 'सर्व पगार मिळाला' अशा कागदावर सही करा! ताईंनी सही केली नाही. (घरात चूल थंड असताना आम्ही इतके ठाम राहिलो असतो का, कोण जाणे.) १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याखाली अर्ज केला. तेव्हा मुदत १२ महिन्यांची होती. दुसऱ्या तारखेला पूर्ण रकमेचा चेक हाती आला. त्यांच्याबरोबरच्या दोघी मात्र पुढे आल्याच नाहीत. त्यांचे वर्ष उलटून गेले होते.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे. काम सोडले किंवा काढून टाकले, तरी दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. दाव्याची मुदत तीन वर्षे. पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईचा हुकूम होऊ शकतो आणि मालकाने पैसे भरले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. मात्र आपण तिथे कामाला होतो, हे आपल्यालाच दाखवावे लागते.

रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो. येताना हजेरीची वही, गेटपास, बँकेचे पासबुक, जे असेल ते आणावे. कोऱ्या कागदावर कुठे सही दिली असेल, तर तेही न लाजता सांगावे.