डॅशबोर्डवरचा छोटा बाण काय सांगतो? प्रत्येक वेळी त्याचे ऐकावे का?

मॅन्युअल गिअरची कार चालवताना स्पीडोमीटरजवळ अचानक एक छोटा बाण उजळतो. गाडीत बिघाड झाला की काय, अशी शंका अनेकांना येते. प्रत्यक्षात हा गिअर शिफ्ट इंडिकेटर असतो. तो इशारा नाही, सल्ला आहे. बाण वर असेल तर पुढचा गिअर टाका, खाली असेल तर गिअर कमी करा. काही गाड्यांत सोबत गिअरचा आकडाही दिसतो.

कसे ठरते?
इंजिनचा आरपीएम, गाडीचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, यावरून गाडीतील कंट्रोल युनिट हिशेब करते. तोच वेग कमी आरपीएमवर राखता आला, तर इंधन वाचते. म्हणूनच युरोपीय महासंघाने नोव्हेंबर २०१४ पासून मॅन्युअल गिअरच्या नव्या कारमध्ये हा इंडिकेटर बंधनकारक केला.

कधी दुर्लक्ष करावे?
पुढचा चढ किंवा ओव्हरटेकची घाई या यंत्रणेला दिसत नाही. भरलेली गाडी खंबाटकी घाट चढताना लवकर वरचा गिअर टाकला, तर इंजिन ओढत नाही, गाडी धडधडते. घाट उतरताना तर खालचाच गिअर हवा. त्यामुळे इंजिनच गाडीला आवर घालते आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका कमी होतो. तेव्हा बाण वर दिसला तरी गिअर बदलू नये.

थोडक्यात, सपाट रस्त्यावर बाणाचे ऐका, घाटात रस्त्याचे.