बावीस गुंठे आणि एक सही

परवा रात्री दादाचा फोन आला. "अगं, सातबाऱ्यावर तुझंही नाव आहे ना, एक सही लागेल. पार्टी आलीय. भाव चांगला देतेय." मी भांडी आवरत होते. हात ओलेच राहिले. सही हवी होती ती नदीकडच्या खाचरासाठी. बावीस गुंठे, आमच्या घरात त्याला नुसतं 'खालचं वावर' म्हणतात.

माझं माहेर मावळातलं वराळे. तळेगावहून आंबीकडे निघालं की इंद्रायणी ओलांडायच्या आधी लागतं. माझ्या लहानपणी तळेगाव म्हणजे बाजार आणि शाळा. मग कॉलेजं आली, एमआयडीसी आली, कारखान्यांच्या बसगाड्या आल्या. त्यांच्यामागे भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि आता उंच इमारती. मी नाक मुरडायचं कारण नाही. मी स्वतः तळेगावात तिसऱ्या मजल्यावर राहते आणि ती इमारतही कुणाच्या तरी खाचरावरच उभी आहे!

तुमच्यापैकी कितीजणी 'इंद्रायणी' तांदूळ घेतात? शिजताना घरभर वास सुटतो तो. हे वाण आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं. आंबेमोहोराचा संकर करून ते काढलं आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. शहरातल्या बायका ज्या तांदळाला नावाजतात, त्याची खाचरं शहरच मुरूम टाकून बुजवतंय, हे मात्र दुकानातल्या पिशवीवर लिहिलेलं नसतं.

दादाचा फोन ठेवल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पैशांचा नाही, पाण्याचा हिशेब करायला. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. बांध घातलेल्या खाचरात पावसाचं दहा सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, तर एका गुंठ्यात दहा हजार लिटर झाले. म्हणजे सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो मोठा टँकर! आमच्या खालच्या वावरात असे बावीस टँकर एकाच वेळी उभे राहतात. त्यातलं काही जिरतं, काही हळूहळू नदीला जातं. तिथे सिमेंट आलं की तेच पाणी तासाभरात रस्त्यावर, नाहीतर थेट नदीत आणि मग खाली देहू, आळंदीकडे. पावसाळ्यात पाणी शिरलं म्हणून ओरडायचं आणि उन्हाळ्यात बोअर आटली म्हणून टँकर मागवायचा, असा हा कारभार.

आता तुम्ही म्हणाल, हे नियोजन करणाऱ्यांना कळत नाही का? कळतं. पण नकाशात शेतीला जागा कशी मिळते ते बघा. २०१५ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं, आमचा भाग त्याच्या हद्दीत आला. २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला, हरकतींचा पाऊस पडला आणि २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. त्या दिवसांत गावात जो तो मोबाइलवर नकाशा मोठा करून आपला गट नंबर शोधत होता. पिवळा रंग आला की पेढे, हिरवा आला की घरात सुतक! हिरवा म्हणजे शेती राखायची, असा माझा भाबडा समज होता. पण त्या हिरव्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की इथे सध्या बांधायचं नाही. शेतकऱ्याला पाणी मिळेल का, माल विकायला शहरात जागा मिळेल का, हे कुणी बघायचं? शहराला हवा आणि पाणी मिळावं म्हणून जमीन मोकळी ठेवायची आणि त्याचा खर्च मात्र आमच्या दादानं सोसायचा. तो का सोसेल?

त्याचंही खोटं नाही. बावीस गुंठ्यांत चांगल्या वर्षी आठ-नऊ क्विंटल भात होतो. खर्च वजा जाता हातात राहतं ते पोराच्या एका सेमिस्टरच्या फीलाही पुरत नाही.

हडपसरच्या मगरपट्ट्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. सुमारे ४०० एकर जमीन असलेल्या शेतकरी कुटुंबांनी ती बिल्डरला तुकड्या-तुकड्यानं न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि नगर वसवलं. मालक मालकच राहिले. झाडं, मोठी बागही ठेवली. मला त्यांचं कौतुक आहेच, पण तिथली शेती गेली ती गेलीच.

शेती ठेवूनही शहर चालतं का? इटलीत मिलान म्हणून मोठं, फॅशनसाठी गाजलेलं शहर आहे. त्याच्या दक्षिणेला १९९० साली कायदा करून साठेक गावांमध्ये पसरलेलं 'शेतीचं उद्यान' राखलं गेलं, सुमारे ४७ हजार हेक्टरचं. आणि तिथे काय पिकतं माहितेय? मका, गुरांचा चारा आणि भात! चक्क आपल्यासारखी पाण्यानं भरलेली खाचरं, लांबवर दिसणारं शहर. इतक्या लांब कशाला, आपल्या कोलकात्याच्या पूर्वेला शहराचं सांडपाणी तळ्यांत सोडून त्यावर मासे आणि भाजी पिकवतात, तीच शहराच्या बाजारात येते. सुमारे साडेबारा हजार हेक्टरची ही पाणथळ जमीन २००२ साली 'रामसर'च्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. तिथेही बांधकामांचं अतिक्रमण चालूच असतं, सगळं गोड नाही. पण शेती ही शहराची कामाची जागा आहे, उरलेली जागा नाही, हे तिथे कागदावर तरी मान्य झालं.

आपल्या मावळात शहर आणि शेतकरी समोरासमोर आले की काय होतं, ते ९ ऑगस्ट २०११ ला पाहिलंय. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीनं पाणी नेण्याविरुद्ध एक्स्प्रेस वेवर आंदोलन झालं, गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. त्यात एक बाई होती. वराळ्यात त्या दिवशी कुणाच्या चुली पेटल्या नसतील.

रविवारी वराळ्याला जाऊन आले. दादा कागद काढून बसला होता. वहिनी नेहमीप्रमाणे खाली वावरात, गुडघाभर चिखलात. तिच्याकडे बघताना एकदम लक्षात आलं, माझी सही लागते कारण १९९४ च्या राज्याच्या आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं लेकीला मुलाइतका हक्क दिला. चांगलंच झालं. पण मी पंचवीस वर्षांत त्या खाचरात किती दिवस वाकले? आणि जी रोज वाकते तिचं नाव सातबाऱ्यावर कुठेच नाही! नवऱ्यानं हयातीत बायकोचं नाव लावावं म्हणून 'लक्ष्मी मुक्ती' योजना १९९२ पासून आहे. दादाला विचारलं. म्हणाला, "अगं, आता विकायचंच आहे तर नाव लावून काय करायचं?"

वहिनीला विचारलं, "तुला काय वाटतं?" इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच विचारत होते, खरं सांगते. तिनं हात झटकले. "ताई, फ्लॅट आला तर मलाबी हवाय. गुडघे दुखत्यात. पण समदं नका देऊ. खायापुरतं तरी राहू द्या. इकत घेतलेल्या तांदळाला वास येत न्हाई."

दादाशी बोलले. अर्धं ठेवायचं, वहिनीचं नाव आधी लावायचं, मग सहीचं बघू, असं म्हणाले. तो गप्प बसला. पार्टीला तुकडा नको, सगळं हवंय. नवा आराखडा येईल तेव्हा हरकत लिहून द्यायची असंही मी ठरवलंय, वहिनीच्या सहीनं. ती फक्त स्वतःचं नाव लिहिते, पण तेवढं पुरतं.

सही अजून केलेली नाही. निघताना वहिनी म्हणाली, "करा नायतर नका करू, पर बुधवारी लावणीला या. माणसं कमी पडत्यात."