चोथ्याची गोळी पेंड

इथेनॉल म्हटले की आपल्याला साखर कारखाना आणि मळी आठवते. अमेरिकेत मात्र इथेनॉल मुख्यतः मक्यापासून करतात. आयोवा, नेब्रास्का, इलिनॉय ही तिथली मक्याची राज्ये. मका दळून, पाणी घालून शिजवतात. विकरे त्यातल्या स्टार्चची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेचे मद्यार्क बनवते. ढोबळ हिशेब असा, की दाण्याच्या वजनाचा एक तृतीयांश भाग इथेनॉल होतो, एक तृतीयांश कार्बन डायऑक्साइड वायू होऊन उडतो आणि एक तृतीयांश चोथा उरतो.

हा चोथा टाकाऊ नव्हे. स्टार्च निघून गेल्याने दाण्यातले बाकी घटक त्यात तिपटीने दाट होतात. मक्यात 8-9 टक्के प्रथिने असतात, चोथ्यात ती 27 ते 30 टक्के भरतात. ओला चोथा काही दिवसांतच बुरसतो, म्हणून 10 ते 12 टक्के ओल राहील इतपत तो वाळवतात. या सुक्या चोथ्याला व्यापारात ‘डीडीजीएस’ म्हणतात.

खरी अडचण यापुढे सुरू होते. हा माल आहे भुकटीसारखा, थोडा तेलकट. रेल्वेच्या डब्यात भरला आणि प्रवासात दमट हवा लागली की त्याचे ढेकूळ जमते. डब्याचे खालचे दार उघडले तरी माल पडत नाही; कामगारांना बाहेरून घणाचे घाव घालावे लागतात. शिवाय माल हलका, त्यामुळे डबा भरतो पण वजन कमी भरते. हलवाहलवीत जाडेभरडे आणि बारीक कण वेगळे होतात, ते निराळेच.

यावर उपाय म्हणजे गोळी पेंड. भुकटीला वाफ द्यायची आणि जाड पोलादी साच्याच्या छिद्रांतून रुळांनी दाबून काढायची. आपण सोऱ्यातून शेव पाडतो, तसेच. पण शेवेचे पीठ चिकट नसेल तर ती तुटते, हे गृहिणींना सांगायला नको. पशुखाद्याची गोळी घट्ट धरून ठेवणारा डिंक म्हणजे स्टार्च, आणि तोच तर आधी इथेनॉलसाठी काढून घेतलेला! वर उरलेले तेल साच्यात वंगणाचे काम करते. माल पुरेसा दाबलाच जात नाही.

तरीही हे जमते. अमेरिकी अभियंता कर्ट रोझेनट्रेटर यांनी 2000 च्या दशकात या प्रश्नाचा बराच अभ्यास केला. ओल आणि वाफ नेमकी राखली, तर नुसत्या चोथ्याच्याही गोळ्या होतात. आता बरेच कारखाने चोथ्यातले थोडे तेल आधीच काढून घेतात, त्याचाही उपयोग होतो. मात्र यंत्राला आणि विजेला पैसा लागतो. म्हणून माल लांब पाठवायचा असेल तरच हा खर्च परवडतो. जवळच्या गोठ्यात भुकटी, नाहीतर ओला चोथाही चालतो.

आता हा विषय आपल्या दारातही आला आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने 2025 मध्ये गाठले. त्यासाठी मका आणि तांदूळ मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, आणि त्यांचा चोथा पशुखाद्यात आला. तो सोयाबीन पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. 2024 च्या हंगामात सोयाबीन 4,892 रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. पशुपालकाची बचत ती सोयाबीन उत्पादकाची झळ.

पशुपालकांनीही एक ध्यानात ठेवावे. प्रथिने तिप्पट होतात, तसे बुरशीचे विषही तिप्पट होते. मका बुरसलेला असेल, तर त्यातले अफ्लाटॉक्सिन चोथ्यात उतरते आणि जनावराच्या दुधातही येते. गोळीच्या यंत्रातल्या वाफेने रोगजंतू बरेच मरतात, हे विष मात्र टिकून राहते. म्हणून गोळीचा घट्टपणा पाहून भुलू नका. पोते घेण्याआधी प्रथिने आणि अफ्लाटॉक्सिन यांचा तपासणी अहवाल मागून घ्या.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)