रियाजाचं ॲप: मोजायचं काय आणि कशाशी ताडून?

हौसेने शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी रियाजाचं ॲप कसं बांधायचं, हा आजचा विषय. प्रोग्रामिंग करणारे आणि गाणं शिकवणारे, दोघांनाही कळेल अशा बेताने बोलतो.

आधी गरज पाहू. मुलं आठवड्यातून एक-दोनदा क्लासला जातात, बाकीचे दिवस घरी एकटीच गातात. क्लासमध्ये सूर उतरला की बाई लगेच थांबवतात. घरी मात्र तो उतरलेला सूरच रोज घोटला जातो आणि एकदा गळ्यात बसला की काढणं फार कठीण. म्हणून घरी कुणीतरी ऐकणारं हवं. फोनला मायक्रोफोन असतोच. मग अडचण कुठे आहे? फोनने ऐकलं हे ठीक, पण बरोबर की चूक हे त्याने कशाशी ताडून ठरवायचं?

सगळ्यांना आधी सुचतो तो मार्ग म्हणजे तयार तक्ता. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग करायचे आणि गाणाऱ्याचा सूर जवळच्या घराशी ताडायचा. गिटार लावायची बहुतेक ॲप्स असंच करतात आणि हल्लीची पेटीही साधारण अशीच लावलेली असते. अशा दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरतात. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप.

आता थोडं गणित करू. हिशेब सोपा जावा म्हणून षड्ज २४० कंपनांचा धरा. तक्त्याप्रमाणे शुद्ध गंधार येतो सुमारे ३०२.४ कंपनांवर. पण तानपुरा काय म्हणतो? खर्जाची तार १२० वर लागली की तिच्यातून पाचपट, म्हणजे ६०० कंपनांचा सूरही निघतो. तानपुरा नीट जुळला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच. तो एक सप्तक खाली आणला की बरोबर ३०० येतो. म्हणजे तक्त्याचा गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट चढा आहे.

याचा परिणाम काय होतो ते बघा. एखादी मुलगी डोळे मिटून तानपुऱ्यात मिसळून गाते, तिचा गंधार अगदी जागेवर लागतो आणि ॲप लाल दिवा दाखवून सांगतं, ‘सूर कमी आहे’. ती फोनवर विश्वास ठेवते आणि सूर चढवते. म्हणजे ज्या मुलीचा कान तयार होत होता, तिचा कान आपण आपल्या हाताने बिघडवला. सरावाला मदत न करणाऱ्या ॲपपेक्षा हे ॲप वाईट.

हा प्रश्न मोबाइलच्या काळातला नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक १९१० साली काढलं. गवयाचे सूर प्रत्यक्ष मोजून बघायच्या त्यांच्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांची साथ होती. मोजणी यंत्राने केली तरी प्रमाण मानायचा तो गवयाचा गळा, हा त्यातला धडा आपल्याला आजही लागू आहे.

म्हणून पहिला नियम असा: सूर ताडायचा तो मुलाच्या स्वतःच्या तानपुऱ्याशी. कुणाचा षड्ज काळी एक, कुणाचा काळी चार. तो आधी विचारून घ्यायचा आणि बाकीचे सूर त्याच्याशी असलेल्या प्रमाणातून काढायचे. पंचम दीडपट, गंधार सव्वापट. पण तेही शेवटचं उत्तर नाही. दरबारीचा कोमल गंधार आंदोलित असतो, त्याला एका आकड्यावर खिळवून ठेवता येत नाही. म्हणून सुरुवातीला षड्ज, पंचम, शुद्ध गंधार असे स्थिर सूर घ्यावेत आणि मींड किंवा आंदोलन आलं की ॲपने निकाल देऊच नये.

आता मोजणीकडे येऊ. फोन सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद घेऊ शकतो. ३०० कंपनांच्या सुरात एक लाट अशा १४७ नोंदींत पुरी होते. ॲप त्या लाटेची नक्कल थोडी थोडी पुढे सरकवत जातं आणि ती मूळ लाटेवर कुठे चपखल बसते ते पाहतं. पण १४७ ऐवजी १४६ धरलं तर फरक पडतो १२ सेंटचा, म्हणजे ज्या १४ सेंटबद्दल आपण एवढं बोललो, जवळपास तेवढाच! तेव्हा दोन नोंदींच्या मधली जागाही गणिताने शोधावीच लागते. शिवाय तानपुरा फोनच्या स्पीकरवर लावला तर मायक्रोफोन त्यालाच गाणं समजण्याची शक्यता असते. म्हणून तानपुरा इअरफोनवर द्यावा, एक कान मोकळा ठेवून.

शेवटचा मुद्दा, ॲपने बोलायचं कधी? गाता गाता पडद्यावर काटा हलत असला की मूल काट्याकडे बघून सूर जुळवतं. सूर जुळतो, पण काम डोळा करतो, कान नाही. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये शारीरिक कौशल्यांबद्दल असंच मांडलं होतं: दर वेळी सूचना मिळाली की तेवढ्यापुरतं छान जमतं, पण सूचना काढून घेतली की घसरतं. म्हणून गाताना पडदा कोरा ठेवावा. ओळ संपल्यावर मुलालाच विचारावं, ‘कुठला सूर हलला असं वाटतं?’ त्याने उत्तर दिलं की मगच आलेख दाखवावा. गुण आणि बक्षिसांचे तारे यांची इथे गरज नाही.

ॲप तयार झालं की मुलांच्या हाती देण्याआधी एक चाचणी जरूर करा. त्यांच्या बाईंनाच तानपुऱ्यावर दहा मिनिटं गायला सांगा. ॲपने त्यांना बेसूर ठरवलं, तर दुरुस्ती कुणाची करायची हे वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न घेऊ.