पिठ्ठू, होकायंत्र आणि सह्याद्री

संगमेश्वर परिसराचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा टेबलावर पसरला की आधी नजर जाते ती शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमाकडे. मग पूर्वेला पाहावे. तपकिरी समोच्च रेषा हळूहळू एकमेकींजवळ सरकू लागतात आणि घाटमाथ्याखाली इतक्या दाटतात की बोटाचे नख मध्ये मावत नाही. १:५०,००० च्या या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन रेषांमधला चढ वीस मीटरचा. १ फेब्रुवारी १६८९ रोजी घाट उतरून आलेल्या मुघल सरदार मुकर्रबखानाच्या फौजेने याच संगमेश्वरात छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश यांना पकडले. मराठा सरदार म्हाळोजी घोरपडे लढता लढता पडले. फितुरी कोणाची, यावर आपण सव्वातीनशे वर्षे भांडतो आहोत. लष्करी माणूस नकाशा बघून वेगळेच विचारतो : घाटाच्या तोंडाशी चौकी कुठे असायला हवी होती? तिथून किती दूरचे दिसते? आणि बातमी खाली यायला किती वेळ लागतो?

असे प्रश्न विचारण्याची खोड अंगी लागावी म्हणून भारतीय सैन्य अठरा-वीस वर्षांच्या मुलांना डोंगरात नेते आणि झोपू देत नाही.

कोकणाला सैनिक नवा नाही. मराठा आणि महार या पलटणींत रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरे गेली असतील. दापोलीला तर अजून ‘कँप’ म्हणतात. पण हे सारे शिपाई, हवालदार, फार तर सुभेदार. अधिकारी सँडहर्स्टहून यायचा. १९३२ मध्ये डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी उघडली तेव्हा कुठे भारतीय तरुणाला देशातच अधिकारी होण्याची वाट मिळाली. म्हणून सुभेदार कसा घडतो हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना चांगले ठाऊक असते. अधिकारी कसा घडतो हे विचारले तर उत्तर बहुधा संचलनावर आणि चकाकत्या बुटांवर येऊन थांबते. दोष त्यांचा नाही. दूरदर्शनने दाखवले तेवढेच.

घडण्याची जागा मात्र लांब नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १ जानेवारी १९४९ ला डेहराडूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग म्हणून ती सुरू झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला पंडित नेहरूंनी इथे कोनशिला बसवली आणि १६ जानेवारी १९५५ ला औपचारिक उद्घाटन झाले. दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय जवानांच्या कामगिरीची आठवण म्हणून सुदान सरकारने दिलेल्या एक लाख पौंडांतल्या भारताच्या वाट्यातून इथली मुख्य इमारत उभी राहिली, म्हणून ती सुदान ब्लॉक. भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींचे कॅडेट एकत्र राहतात. तीन वर्षे, सहा सत्रे. एरवी त्यांचे आयुष्य घंटेवर आणि सायकलवर चालते. रांगेने सायकली हाकत वर्ग, तिथून पोहणे, तिथून ड्रिल. चुकलात तर तीच सायकल खांद्यावर. आणि समोर सिंहगड. पर्यटकाला तो पिठलं-भाकरीचा गड. कॅडेटला शिक्षा म्हणून पायी जाऊन यायचा गड.

डोंगरातला कँप हा या घंटांच्या आयुष्याला पडलेला खंड. सुरुवातीच्या सत्रांतला ग्रीनहॉर्न, मग रोव्हर, आणि शेवटच्या टप्प्यात भूदलाच्या कॅडेटांसाठी तोरणा. नाव १,४०३ मीटर उंचीच्या त्या किल्ल्याचे, शिवाजी महाराजांनी सुरुवातीलाच घेतलेल्या. वेल्ह्याच्या बाजूने तोरणा चढलेल्या कोणालाही नावाची निवड पटेल.

कँपचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. त्याला स्टँड-टू म्हणतात. पहाट फटफटण्याच्या वेळी आणि संध्याकाळी अंधार पडताना प्रत्येक जण आपल्या मोर्चात, म्हणजे खणलेल्या खंदकात, रायफल समोर, तोंड बंद. हल्ला याच वेळी होण्याचा संभव जास्त, कारण अर्धवट उजेडात सरकणारा माणूस नीट दिसत नाही आणि रात्रभर जागलेल्याचे डोळे मिटत असतात. उजाडले की पाळी रायफलीची : पुलथ्रू, चिंदी, तेल. नंतर दाढी. गार पाण्याने, मेस टिनमध्ये, पण दाढी. मग पाय. मोजे काढून बोटांच्या बेचक्या बघायच्या, फोड आला असेल तर सांगायचा. फोड लपवणारा कॅडेट शूर ठरत नाही. चार तासांनी तो लंगडणार आणि त्याचा पिठ्ठू, म्हणजे पाठपिशवी, बडीच्या पाठीवर जाणार.

बडी म्हणजे जोडीदार. एक खोदतो तेव्हा दुसरा पहारा देतो. एक खातो तेव्हा दुसरा बाहेर बघतो. मोर्चा दोघांचा. टिकाव आणि फावड्याने वरचा मुरूम भराभर निघतो. मग खाली काळा पाषाण लागतो आणि तासभरात चार बोटे खोली होते. सह्याद्रीत खंदक खणणे हा स्वभावाची परीक्षा घेणारा प्रकार आहे. वर उन्हात वाळलेले गवत, घाणेरीचे काटे, आणि उकरलेली ताजी माती लांबून दिसू नये म्हणून ती झाकण्याचे वेगळे काम. वस्तू का दिसते याची यादी त्यांना पाठ असते : आकार, चकाकी, सावली, आकाशावर उमटणारी कड, पृष्ठभाग, सारखे अंतर, आणि सर्वांत वाईट म्हणजे हालचाल. म्हणून कॅडेट डोंगराच्या धारेवरून कधी चालत नाही. धारेच्या जरा खालून, आडवा. ट्रेकिंगची सवय असलेल्या मुलांना हे सोडताना फार जड जाते, कारण धारेवरूनच तर फोटो चांगला येतो.

जेवण लंगरातून येते किंवा येत नाही. चहा, पुरी-भाजी, आणि चालताना खिशातले शक्करपारे. शक्करपाऱ्यांवर सैन्याची श्रद्धा आहे. ते विटत नाहीत, चुरत नाहीत आणि अंधारात आवाज न करता चघळता येतात.

दिवसा ऑर्डर दिल्या जातात. जमिनीवर माती, दगड, राख, पानांची एक प्रतिकृती बनते : ही सोंड, ही घळ, हा पऱ्या, इथे शत्रू. आज कमांडर नेमलेला कॅडेट त्या मातीपुढे बसून ठरलेल्या क्रमाने सांगतो. जमीन कशी आहे, शत्रू आणि आपण कुठे, काम काय, ते कसे करायचे, दारूगोळा-जखमींची व्यवस्था, आणि खूण-संकेत. क्रम बदलायचा नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी निम्मे पेंगत असतात आणि क्रम ओळखीचा असला की पेंगतानाही कामाची गोष्ट कानात शिरते. उद्या तोच मुलगा सेक्शनमध्ये, म्हणजे त्याच छोट्या तुकडीत, साधा रायफलमन असेल आणि दुसराच कोणी हुकूम देईल. मला या प्रशिक्षणातला सर्वांत शहाणा भाग हा वाटतो. काल ज्याने सेक्शनला चुकीच्या घळीत उतरवले तो आज एलएमजी (हलकी मशीनगन) उचलून चुकीच्या घळीतून वर चढतो. वजन त्याच्याच खांद्यावर, हुकूम दुसऱ्याचा.

आणि रात्र. रात्री होकायंत्र. पाच अंशांची चूक दोन किलोमीटरवर जवळपास पावणेदोनशे मीटर होते. डोंगरात एवढ्यात माणूस दुसऱ्याच सोंडेवर चढतो. कंपास हातात असताना रायफल लांब धरायची, लोखंडाने सुई फसते. शंभर मीटरला आपली पावले किती, हे आधी मोजलेले असते. खडे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत अंतर मोजायचे. चढावर पाऊल आखूड होते, म्हणून चढाचा आकडा वेगळा. ढग नसतील तर सप्तर्षीतून ध्रुव, सप्तर्षी मावळले असतील तर शर्मिष्ठा. हे सगळे वर्गात सोपे असते. तिसऱ्या रात्री, दोन तास झोपून, भिजल्या मोज्यांत, पाठीवर पिठ्ठू घेऊन साधी बेरीज चुकते. कँपचा खरा धडा हाच. अंग कणखर होते ते आपोआप. मुद्दा असा की डोके थकल्यावर आपण नेमके कुठे चुकतो हे प्रत्येकाला कळले पाहिजे. कोणी घाई करतो, कोणी गप्प होतो, कोणी आधी ठरवलेलेच खरे धरून नकाशा त्याला जुळवून घेतो. तिसरा सर्वांत धोकादायक.

पहाऱ्यावरचा माणूस अंधारात चाहूल लागली की ओरडतो : थम! कौन आता है? पाळी दोन तासांची. उभ्या उभ्या झोप लागते, हे ज्याने अनुभवले नाही त्याला खरे वाटणार नाही. सापडला तर रगडा. कोलांट्या, रांगणे, पिठ्ठू डोक्यावर धरून धावणे. रगड्याचे गोडवे गाणारे निवृत्त अधिकारी पुष्कळ भेटतात आणि ते खोटे बोलत नसावेत. पण गोडवे गाणारे म्हणजे टिकलेले, एवढे लक्षात ठेवून ऐकावे.

न टिकलेल्यांची बाजू देशासमोर उशिरा आली. प्रशिक्षणात पाठीचा कणा, गुडघा किंवा डोके कायमचे जायबंदी झाले तर कॅडेटला वैद्यकीय कारणाने घरी पाठवतात. तो अजून कमिशन मिळालेला अधिकारी नाही, म्हणून माजी सैनिकही नाही. या मुलांची दखल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून घेतली, आणि त्याच महिन्यात सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत सामावून घ्यायचे ठरवले. प्रबोधिनी १९५५ पासून इथे आहे, आणि पहिल्या दिवसापासून इथे मुले डोंगरात पडत असणार.

मुली मात्र आता प्रबोधिनीत आहेत. न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली तुकडी आली आणि ३० मे २०२५ ला सतरा जणी मुलांबरोबर संचलन करत बाहेर पडल्या. त्यावर बातम्या खूप झाल्या, बहुतेक संचलनाच्याच.

कँप संपताना खणलेले मोर्चे पुन्हा बुजवावे लागतात. त्याआधी चर्चा होते. प्रशिक्षक अधिकारी प्रत्येक जागेवर उभा राहून एकच विचारतो : इथेच का? एलएमजी इथे लावलीस, तर समोरच्या त्या घळीतले काय दिसते? काहीच नाही, हे उत्तर चालते; बघितले नाही, हे चालत नाही. दिसत नसलेल्या जमिनीवर दुसऱ्या कोणाची तरी नजर हवी, मॉर्टरचा मारा हवा, निदान रात्री एक गस्त हवी. घाट उतरणाऱ्या फौजा अशाच न दिसणाऱ्या जमिनीवरून येतात.

इथून भूदलाचा कॅडेट डेहराडूनला जातो, नौदलाचा एझिमलाला, हवाई दलाचा दुंडिगलला. डेहराडूनचे वर्ष पुन्हा डोंगरांचे, लांबच्या अंतरांचे. मग खांद्यावर दोन तारे आणि पलटण. पायदळाच्या कितीतरी पलटणींत नव्या लेफ्टनंटला सुरुवातीचे काही आठवडे जवानांच्याच बराकीत राहावे लागते. त्यांच्याबरोबर खाणे, त्यांच्याबरोबर पहारा. तिथे त्याचा नकाशा तपासायला कोणी प्रशिक्षक नसतो. पंचवीस वर्षे नोकरी झालेले सुभेदारसाहेब असतात. ते गुण देत नाहीत, पुढच्या गस्तीला कोणती वाट धरणार एवढेच विचारतात.