रात्री ऐका ८० मीटर

हॅम म्हणजे हौशी रेडिओ ऐकायला सुरुवात ४० मीटरच्या पट्ट्यापासून करा. भारतात हा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा, ‘व्हीयू’ने सुरू होणारी देशातली संकेतनामे इथे दिवसाही कानावर पडतात. खरी मजा मात्र त्याखालच्या वारंवारितांत, ८० आणि १६० मीटरवर. दिवसा आयनांबरातला ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो, कधी हजारो किलोमीटर जातात. पावसाळ्यात विजांचा कडकडाट कान किटवतो, म्हणून हिवाळ्यातल्या रात्री उत्तम.

साध्या ट्रान्झिस्टरवर हे बोलणे नुसते बरळल्यासारखे येते. सिंगल साइडबँडचा संच घ्या, त्यात ‘एलएसबी’ निवडा आणि शब्द सुटे होईपर्यंत ट्यूनिंग अगदी सावकाश फिरवा.

भिवंडीसारख्या लूमच्या शहरात मोठी अडचण विजेच्या गोंगाटाची: लूमच्या मोटारी, स्टार्टरच्या ठिणग्या, एलईडी दिवे, स्वस्त चार्जर. संच बॅटरीवर चालू ठेवून घरातला मेन स्विच बंद करून पाहा. खरखर थांबली तर उगम घरातच आहे; एकेक उपकरण लावून तो शोधा.

ऐकण्यापुरती गच्चीवर १०-१५ मीटर तार पुरते. ती वीजतारांपासून लांब बांधा. ढग गडगडायच्या आधीच संचापासून सोडवा.

संच नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा ऑनलाइन रिसीव्हर मोबाइलवरही चालतो. स्वतः बोलायचे असेल तेव्हा दूरसंचार विभागाची परीक्षा आणि परवाना लागतो.